विश्लेषण : वाघ टिपेश्वरचा, कमाई कोणाची? पर्यटकाच्या खर्चातील किती रुपये केळापूर तालुक्यात उरतात?

पहाटेच्या अंधारात सुन्ना गेटसमोर जिप्सी रांगेत लागतात. नागपूर, हैदराबाद, पुण्याहून आलेले पर्यटक कॅमेरे सावरत बसतात. काही तासांनी वाघ दिसलेले खुशीत आणि न दिसलेले हिरमुसले होऊन परततात. नाश्ता होतो, बिल भरले जाते, गाडी राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागते. या दोन दिवसांत एका कुटुंबाने काही हजार रुपये खर्च केलेले असतात. त्यातले गेटजवळच्या गावात किती राहिले आणि पर्यटकाच्या गाडीबरोबरच किती बाहेर गेले? विकसनशील देशांतील पर्यटनाचा अभ्यास करणारे संशोधक गेली अनेक दशके हाच प्रश्न विचारत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यासाठी तो आता महत्त्वाचा ठरतो आहे. ताडोबा किंवा पेंचच्या तुलनेत येथे पर्यटन अजून लहान आहे. म्हणजेच नियम ठरवायला वेळ शिल्लक आहे.

टिपेश्वर अभयारण्य नेमके कुठे आहे?

टिपेश्वर वन्यजीव अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर असून ते केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरले आहे. १९९७ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. परिसरातील टिपाई देवीवरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते.

तालुक्याचे नाव केळापूर असले तरी तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. बाहेरच्या पर्यटकाचा येथे हमखास गोंधळ होतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर तेलंगणातील आदिलाबाद तासाभराच्या अंतरावर आहे. दोन राज्यांतील दोन मोठ्या शहरांना जोडणारा रस्ता आणि रस्त्यापासून जवळ वाघाचे जंगल, हे समीकरण फार कमी तालुक्यांच्या वाट्याला येते.

अभयारण्याभोवतीच्या गावांत कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. गोंड, कोलाम, परधान या आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. त्यांपैकी कोलाम हा केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये मोडतो. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, त्याच जिल्ह्याचा हा भाग. त्यामुळे येथे पर्यटनाकडे करमणुकीचे साधन म्हणून कमी आणि कापसाला जोड देणारे उत्पन्न म्हणून अधिक पाहिले जाते.

या भागाने वाघाची किंमत काय मोजली?

पांढरकवडा हे नाव देशाच्या बातम्यांत पोहोचले ते पर्यटनामुळे नव्हे, तर टी-१ वाघिणीमुळे. ही वाघीण 'अवनी' म्हणून ओळखली गेली. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव परिसरातील १३ मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले. गावांमध्ये शेतावर जाणे बंद झाले, गुराखी जंगलाकडे फिरकेनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात तिला गोळी घालण्यात आली. त्या कारवाईवरून देशभर वाद झाला. शहरांत मेणबत्त्या पेटल्या, तर त्या भागातील गावांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. एकाच घटनेवर दोन ठिकाणी दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या.

पुढच्याच वर्षी टिपेश्वर पुन्हा चर्चेत आले. यावेळी कारण सुखद होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला येथील एक तरुण वाघ जूनमध्ये अभयारण्य सोडून निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातील जिल्हे ओलांडत तो डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याची तेराशे किलोमीटरहून अधिक भटकंती झाली होती. पुढेही तो चालतच राहिला आणि एकूण अंतर तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले. 'वॉकर' या नावाने तो जगभरच्या बातम्यांत झळकला. भारतात नोंदवल्या गेलेल्या वाघाच्या सर्वांत लांब प्रवासांत त्याची गणना होते.

दोन्ही घटनांचा अर्थ एकच. टिपेश्वरचे जंगल लहान आहे आणि तेथील वाघ कुंपणात राहत नाहीत. ते शेतातून, नाल्यातून, गावाच्या कडेने जातात. पर्यटकाला वाघ जिप्सीत बसून दिसतो. गावकऱ्याला तो कापूस वेचताना, तुरीत पाणी देताना किंवा रात्री जागल करताना दिसतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपयांची मदत देते. पशुधन व पिकांच्या नुकसानीसाठीही भरपाईची तरतूद आहे. पण भीतीमुळे बुडालेली मजुरी, सोडून दिलेली चराई, रानडुक्कर आणि रोह्यांसाठी जागून काढलेल्या रात्री यांचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. वाघ जगवण्याचा हा रोजचा खर्च गाव उचलते. म्हणूनच वाघामुळे येणाऱ्या पैशात गावाचा वाटा किती, हा प्रश्न रास्त ठरतो.

पर्यटनातील 'गळती' म्हणजे काय?

पर्यटकाने एखाद्या ठिकाणी खर्च केलेला पैसा तेथेच फिरत राहिला तर त्याचा फायदा वाढत जातो. होमस्टेवालीने दूध शेजारणीकडून घेतले, शेजारणीने त्या पैशातून गावातल्या शिंप्याकडून कपडे शिवले, शिंप्याने गावातच किराणा भरला, तर एकच रुपया तीन घरांत फिरतो. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात. उलट तोच रुपया पहिल्याच फेरीत बाहेर गेला, तर त्याला गळती म्हणतात. हॉटेलमालक बाहेरचा, व्यवस्थापक बाहेरचा, बुकिंग बाहेरच्या ॲपवर, तांदळापासून साबणापर्यंत सारे बाहेरून आणलेले, असे असेल तर गावात केवळ झाडू-पोछ्याची मजुरी उरते.

एक काल्पनिक हिशेब पाहू. हे आकडे प्रत्यक्ष दर नाहीत, केवळ गळती कशी होते हे समजण्यासाठी आहेत.

समजा, चार जणांचे कुटुंब दोन दिवसांसाठी आले आणि २० हजार रुपये खर्च झाले. त्यात बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमधील राहणे-जेवण १० हजार, सफारी ६ हजार आणि इंधन ४ हजार.

• रिसॉर्टच्या १० हजारांतून बुकिंग ॲपचे कमिशन २ हजार. स्थानिक कामगारांची मजुरी दीड हजार, स्थानिक भाजी-दूध ५०० रुपये. बाकीचे ६ हजार बाहेरून आणलेला माल, कर्जाचा हप्ता, व्यवस्थापकांचे पगार आणि मालकाचा नफा या रूपाने बाहेर.

• सफारीच्या ६ हजारांतून जिप्सीचे साडेतीन हजार, गाईडचे ५००, शुल्क २ हजार. जिप्सी स्थानिक माणसाची असेल तर इंधन आणि हप्ता वजा जाता त्याच्याकडे २ हजार उरतात. शुल्क शासकीय व्यवस्थेकडे जाते.

• इंधनाच्या ४ हजारांतून पंपावर स्थानिक पातळीवर उरतात जेमतेम १०० रुपये.

बेरीज केली तर तालुक्यात राहिले ४,६०० रुपये, म्हणजे २३ टक्के. जिप्सीही बाहेरच्या मालकाची असेल आणि स्थानिक चालकाला दिवसाचे ५०० रुपये मिळत असतील, तर हा आकडा ३,१०० रुपयांवर येतो.

आता तेच कुटुंब गावातल्या होमस्टेमध्ये थेट फोन करून उतरले असे समजा. राहणे-जेवण स्वस्त, ६ हजारांत झाले. त्यातून किराणा आणि हप्त्याचे दीड हजार बाहेर गेले, साडेचार हजार घरात राहिले. स्थानिक जिप्सी आणि गाईडचे अडीच हजार, पंपाचे १०० रुपये धरले तर तालुक्यात उरले ७,१०० रुपये. एकूण खर्च मात्र १६ हजारच.

म्हणजे ४ हजार रुपये कमी खर्च करणारे कुटुंब गावाला अडीच हजार रुपये जास्त देऊन गेले. किती पर्यटक आले आणि त्यांनी किती खर्च केला, एवढेच आकडे मोजले तर हा फरक कधीच दिसत नाही.

संशोधन काय सांगते?

भारतातील अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतील पर्यटनाचा एक महत्त्वाचा अभ्यास कृती कारंथ आणि रूथ डीफ्रीस यांनी केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा संरक्षित क्षेत्रांचा त्यात विचार होता. पर्यटकांची संख्या वर्षाला सरासरी १५ टक्क्यांनी वाढत असल्याचे आणि त्यात देशी पर्यटकांचे प्रमाण मोठे असल्याचे त्यांना आढळले. पर्यटकांसाठीच्या निवासांपैकी ८५ टक्के संरक्षित क्षेत्रापासून पाच किलोमीटरच्या आत होते. मात्र दहा किलोमीटरच्या परिघातील लोकसंख्येपैकी पर्यटनात थेट रोजगार मिळालेल्यांचे प्रमाण ०.००१ टक्क्याहूनही कमी होते. सोप्या भाषेत, लाखात एकही नाही. हॉटेले गावाला खेटून उभी राहिली, पण गाव त्या धंद्यात शिरले नाही.

दुसरा अभ्यास युगांडाचा आहे. तेथील ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात पर्वतीय गोरिला पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. क्रिस सँडब्रुक यांनी तेथील पैशाचा माग काढला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पर्यटनातील ७५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न स्थानिक अर्थव्यवस्थेबाहेर जात होते. पण त्यांचा पुढचा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. मागे उरलेला छोटा हिस्साही त्या भागातील उत्पन्नाच्या इतर सर्व स्रोतांच्या एकत्रित रकमेपेक्षा मोठा होता.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होते. पर्यटनाने गावाचे भले आपोआप होते, हे खरे नाही. आणि गळती मोठी म्हणून पर्यटन निरुपयोगी, हेही खरे नाही. गरीब भागात उरलेले थोडे रुपयेही मोठे असतात. पण ते किती घरांत वाटले जातात, यावर सारे अवलंबून असते.

रोजगार कोणाला आणि कधी मिळतो?

सफारीभोवती कामांची एक साखळी असते. गाईड, जिप्सीचालक, जिप्सीमालक, गेटवरील कर्मचारी, स्वयंपाकी, सफाई कामगार, ढाबेवाले, टॅक्सीवाले. यातील गाईडचे काम स्थानिक तरुणांना मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण जंगलाची माहिती हीच त्याची पात्रता. जिप्सीमालक होण्यासाठी मात्र भांडवल लागते. गावातील ज्याच्याकडे आधीच शेती, नोकरी किंवा पत आहे, तोच गाडी घेऊ शकतो. म्हणजे पैसा तालुक्यात उरला तरी तो गावातल्या वरच्या थरातच थांबण्याचा धोका असतो.

हंगामाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात जंगल सफारी बंद असते. पर्यटकांची खरी गर्दी एप्रिल-मे मध्ये होते, कारण पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. केळापूरच्या शेतकऱ्यासाठी हे दोन महिने हातात काम नसण्याचे आणि पुढच्या हंगामासाठी बियाणे-खताचे पैसे जुळवण्याचे असतात. या काळात आलेली रोख रक्कम सावकाराच्या दारी जाणे टाळू शकते. हा पर्यटनाचा मोठा फायदा आहे आणि तो वार्षिक सरासरीच्या आकड्यांत दिसत नाही.

पण याच महिन्यांत जंगलालगतच्या कुटुंबांचा मोह आणि तेंदूपानाचाही हंगाम असतो. अभयारण्यात वनोपज गोळा करण्यावर निर्बंध आहेत. ज्यांचे उत्पन्न त्यामुळे घटले, त्यांच्याच घरातील कोणाला सफारीत काम मिळाले का, हे पाहिल्याशिवाय रोजगार वाढला असे म्हणणे अपुरे ठरते.

केळापूर कोणत्या टप्प्यावर आहे?

भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राची मांडणी केली. पर्यटनाच्या अभ्यासात ती आजही शिकवली जाते. तिच्यानुसार प्रत्येक ठिकाण काही टप्प्यांतून जाते. आधी मोजके भटके येतात. मग स्थानिक लोक खोल्या, जेवण देऊ लागतात. पुढे बाहेरचे भांडवल येते, जाहिरात होते, संख्या झपाट्याने वाढते. त्यानंतर वाढ मंदावते, गर्दीने ठिकाणाचा मूळ गुणच हरवतो आणि घसरण सुरू होते. वेळीच बदल केला तरच ते ठिकाण नव्याने उभे राहते.

या मोजपट्टीवर टिपेश्वर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सीमेवर असल्याचे म्हणता येईल. स्थानिकांचा सहभाग सुरू झाला आहे आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराचे लक्षही वळले आहे. नियम ठरवण्यासाठी हाच टप्पा योग्य असतो. तिसऱ्या टप्प्यात जमिनीचे भाव चढतात, हितसंबंध तयार होतात आणि मग नियम बदलणे अवघड होते.

जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये याच प्रवासाची दुसरी बाजू मांडली. पर्यटकांबाबत स्थानिकांच्या भावना आधी उत्साहाच्या, मग उदासीनतेच्या, मग चिडीच्या आणि शेवटी उघड विरोधाच्या होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. वाघाच्या जंगलात ही चीड अधिक धोकादायक ठरते. गाव वाघावर नाराज झाले, की तारेचे फास आणि शेताच्या कुंपणातील वीजप्रवाह वाढतो. मग पर्यटनही राहत नाही आणि वाघही.

गर्दी हाताबाहेर गेल्यास काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या वाहनांनी एक वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवल्याची चित्रफीत पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. संबंधित गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पर्यटकाला वाघ दाखवण्याचा दबाव शेवटी गावातल्या गाईड-चालकावरच येतो आणि शिक्षाही त्यालाच होते.

इतर देशांनी काय केले?

नेपाळने १९९६ मध्ये बफर क्षेत्रासाठी नियम केले. त्यानुसार राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम भोवतालच्या गावांच्या विकासासाठी देण्याची तरतूद आहे. वाघ आणि गेंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चितवनभोवती या पैशातून रस्ते, शाळा, कुंपण, बायोगॅस अशी कामे झाली. वाटा कायद्यात लिहिलेला असल्याने तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिला नाही.

नामिबियानेही १९९६ मध्येच कायदा बदलून ग्रामसमुदायांना त्यांच्या भागातील वन्यजीव व पर्यटनाचे हक्क दिले. तेथे आज अशी ८० हून अधिक सामुदायिक संवर्धन क्षेत्रे आहेत. खासगी लॉज कंपनीला समुदायाशी करार करावा लागतो. किती भाडे, किती स्थानिक नोकऱ्या, हे करारात ठरते.

या व्यवस्थाही दोषमुक्त नाहीत. नेपाळमध्ये गेटपासून दूरच्या आणि गरीब वस्त्यांना कमी लाभ मिळतो, अशी टीका होत आली आहे. तरी दोन्हींचा धडा स्पष्ट आहे. गावाचा वाटा सुरुवातीलाच लिहून घ्यावा लागतो. धंदा वाढल्यावर तो मागून मिळत नाही.

महाराष्ट्रात कोणत्या तरतुदी आहेत?

राज्यात नमुने आणि योजना दोन्ही आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात मोहर्ली परिसरातील आगरझरी येथे गावाच्या समितीमार्फत निसर्ग पर्यटनाचे उपक्रम चालवले जातात. ताडोब्यात महिला गाईडही तयार झाल्या. 'गावातल्या बायका जंगलात पर्यटकांना कशा नेणार' हा प्रश्न तेथे मागे पडला आहे.

योजनांमध्ये चार महत्त्वाच्या आहेत.

• डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना : व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांलगतच्या गावांसाठी. गॅस जोडणी, कुंपण, रोजगार प्रशिक्षण अशी कामे गाव समितीमार्फत करता येतात.

• कृषी पर्यटन धोरण, २०२० : किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करता येते.

• 'आई' महिला केंद्रित पर्यटन धोरण, २०२३ : महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा.

• राज्याचे पर्यटन धोरण, २०२४ : दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचे उद्दिष्ट.

शेवटच्या धोरणाकडे केळापूरने दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. गुंतवणूक आली तर रस्ते, पाणी, आरोग्यसेवा सुधारू शकतात. पण गुंतवणुकीचा आकडा म्हणजे गावाचे उत्पन्न नव्हे. एका मोठ्या रिसॉर्टची गुंतवणूक पन्नास होमस्टेंपेक्षा जास्त दिसेल. गावात उरणारा पैसा मात्र उलट असू शकतो.

जमिनीचा प्रश्न का कळीचा?

पर्यटन वाढले की सर्वांत आधी जमीन हलते. गेटच्या रस्त्याला लागून असलेली कोरडवाहू एकरे अचानक महाग होतात. कर्जात असलेल्या शेतकऱ्याला विकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. एकदा विकली की त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टमध्ये तो पहारेकरी होतो.

केळापूर तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. त्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकार मिळतात. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला हस्तांतरित करता येत नाही. त्यात विक्रीबरोबर भाडेपट्टाही येतो. ही संरक्षणे कागदावर भक्कम आहेत. पण बेनामी व्यवहार, नावापुरता भागीदार किंवा तोंडी करार अशा पळवाटा काढल्या गेल्या तर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून परवानगीच्या प्रत्येक टप्प्यावर ग्रामसभेला माहिती असणे गरजेचे आहे.

बिगर-आदिवासी छोट्या शेतकऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. जमीन न विकता ती भाड्याने देणे किंवा उत्पन्नात वाटा ठेवणे, हा त्याच्यासाठी अधिक सुरक्षित मार्ग ठरू शकतो.

वाघापलीकडे काय आहे?

केवळ वाघावर उभे असलेले पर्यटन नाजूक असते. एखादा प्रसिद्ध वाघ निघून गेला, की बुकिंग घसरते. 'वॉकर'ने तर वाघ किती सहज निघून जातो हेच दाखवले. त्यामुळे पर्यटकाला आणखी अर्धा दिवस थांबवणारी कारणे शोधणे हाच गळती कमी करण्याचा सोपा उपाय आहे.

केळापूर येथील जगदंबा देवीचे मंदिर परिसरात प्रसिद्ध आहे आणि नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. म्हणजे सफारी सुरू होण्याआधीपासून तालुक्याला पाहुण्यांची सवय आहे. हा भाविक सहसा मुक्काम करत नाही, पण प्रसाद, जेवण, प्रवास यांवर खर्च करतो आणि तो जवळजवळ सगळा स्थानिकांकडे जातो. मंदिर आणि जंगल एकाच फेरीत जोडले तर दोघांचाही फायदा.

जेवणाचेही तसेच. बहुतेक रिसॉर्टमध्ये पनीर आणि नूडल्स मिळतात. त्यांचा कच्चा माल बाहेरून येतो. रोडगे, वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ताटात आले, तर तूर, ज्वारी, वांगी तालुक्यातूनच घेतली जातील. पर्यटकाला हे ताट नवे वाटेल आणि शेतकऱ्याला बाजारापेक्षा बरा भाव मिळेल. जिप्सीसाठी लागणारे भांडवल नसलेल्या घरांना, विशेषतः महिला बचत गटांना, साखळीत शिरण्याची ही सर्वांत स्वस्त वाट आहे.

मग ग्रामसभेने काय विचारावे?

नवा प्रकल्प किंवा नवे गेट आले की 'किती पर्यटक येणार' हा प्रश्न पहिला विचारला जातो. संशोधन मात्र वेगळे प्रश्न सुचवते.

१. शंभर रुपयांतील किती रुपये तालुक्यात राहतील?
२. कायम नोकऱ्या किती, हंगामी किती आणि त्या कोणत्या गावांना?
३. प्रवेश शुल्कातील किती रक्कम, कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत गावाकडे परत येईल?
४. भाजी, दूध, धान्य स्थानिकांकडून घेण्याची अट आहे का?
५. पाणी कोठून घेणार आणि कचरा कोठे टाकणार?
६. वाघाने जनावर मारले किंवा पीक उद्ध्वस्त झाले, तर पर्यटनाच्या पैशातून तातडीची मदत मिळेल का?

या प्रश्नांची उत्तरे मोजता येतात. त्यासाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. गावातील पदवीधर मुलांनी एका हंगामात गाईड, चालक, होमस्टे आणि ढाबेवाल्यांच्या वह्या तपासल्या तरी पहिला अंदाज हाती येईल. देशाच्या जीडीपीत पर्यटनाचा वाटा सुमारे पाच टक्के असल्याचे सरकारी आकडे सांगतात. गेटपासून पाच किलोमीटरवरच्या गावात तो किती, हे कोणी मोजलेच नाही तर त्यावर बोलताही येत नाही.

पर्यटकाच्या हातातही बरेच काही आहे. खोली थेट फोनवरून ठरवणे, स्थानिक गाईडशी नीट वागणे, वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट न धरणे, परतताना गावातून तूरडाळ विकत घेणे. हे चार निर्णय त्याला फारसे महाग पडत नाहीत. केळापुरात मात्र त्यामुळे एका घराच्या बियाण्याचा खर्च निघू शकतो. ज्या गावाने वाघाच्या भीतीत रात्री काढल्या, त्या गावाला वाघ हवासा वाटायचा असेल, तर त्याच्या दारातून जाणाऱ्या पैशातले काही त्याच्या घरातही थांबले पाहिजेत.